जवारी ऐकणारा प्लॅन

नव्या कृत्रिम कानांसाठी ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायला मिरजेच्या जैतुनबी दुकानात तंबोरा घेऊनच आल्या. त्यांचा सारा जन्म तंबोरे घडवण्यात गेला होता.

"सिस्टिमसोबत गोल्ड सपोर्टचा प्लॅन घ्या, आपा," म्हणत विक्रेत्याने तो चालू केला.

जैतुनबींनी तारा छेडल्या. सूर आला, पण त्याचा घुमाराच गायब!

कानातूनच सपोर्टचं यंत्र बोललं, "खरखर होती. काढून टाकली."

"मेल्या, ती जवारी होती! ती साधण्यात माझी हयात गेली. बंद करा हे."

विक्रेत्याने नाइलाजाने सर्वांत साधा प्लॅन लावला. त्यात सपोर्टला माणसं होती. जैतुनबींनी पुन्हा तारा छेडल्या. या वेळी कानात सपोर्टची एक मुलगी बोलली.

"मावशी, जवारी काय सुरेख लागलीय! पंचम तेवढा उतरलाय."

"हाच प्लॅन!" जैतुनबींनी खुंटी पिळली, आणि कित्येक वर्षांनी त्यांच्या दोन्ही कानांत जवारी घुमली.