राखणीची कुत्री

कावीळ होऊन माधवीचे वडील, दादा, गेले, त्याला महिना झाला होता. कऱ्हाटी गावातल्या घरी आत्या आईवर पुन्हा घसरली: “सारजे, अळणी पेज पाजून तूच माज्या भावाची ताकद घालवलीस.” पुण्याला विषाणूंचा अभ्यास करणाऱ्या माधवीला राहवेना. “आत्या, मेंढरांवर एखादा लांडगा आला तर आपली कुत्री काय करायची?” “फाडायची की!” “आणि रोजच टोळी आली तर?” “दमून पडायची. दुसरं काय?” “दादांच्या रक्तातल्या राखणदार पेशींचं तेच झालं. काविळीचे विषाणू थोडे असते तर त्यांनी संपवले असते. ते वर्षानुवर्षं वाढत गेले, लढून लढून पेशीच थकल्या. पेजेनं काही बिघडलं नाही.” सुतकापासून भावजयीच्या हातचं पाणीही न घेणारी आत्या म्हणाली, “सारजे, च्या टाक की. दूध सढळ घाल.” “व्हय वन्सं,” म्हणत आईनं चूल पेटवली.