मुंगीचा प्रश्न

“पंधरा दिवसांत एकही प्रश्न नाही,” मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी मांडीवरचा टॅब मिटला.

गणिताच्या बाई बोटांना न लागलेला खडू फडक्याने पुसत राहिल्या. फळा आता काचेचा, विजेवर चालणारा होता. खडू जाऊन महिना झाला होता, हाताची सवय तेवढी राहिली होती.

“प्रश्न नाहीत म्हणजे कळलंय,” बाई म्हणाल्या.

“किंवा विचारायची भीती वाटतेय. सत्र संपेपर्यंत वर्ग बोलता झाला नाही, तर सहावीचं गणित रेकॉर्ड केलेल्या धड्यांवर जाणार. तसं ठरलंय. तुमच्याकडे मग ग्रंथालय.”

त्या धड्यांतला तरुण मास्तर बाईंनी पाहिला होता. लसावि शिकवतानाही हसायचा. पोरं रडली असती तरी हसलाच असता.

मुख्याध्यापिका एके काळी याच बाईंच्या वर्गात होत्या. “तुमचा खडू मलाही लागलाय बाई,” असं त्या रुजू झाल्या तेव्हाच म्हणाल्या होत्या. बाईंनी खूप आठवून पाहिलं. खोडकर मुलं लक्षात राहतात, हुशार राहतात, मधली कुठे जातात कोण जाणे. आता त्याच मुलीला ‘मॅडम’ म्हणायचं, आणि तिने रोज येऊन, गुडघे दुमडून शेवटच्या बाकावर बसायचं, टॅबवर काहीबाही टिपायचं. ते टिपणं बाईंच्या पाठीला टोचायचं.

पोरांनाही टॅब मिळाले होते आणि प्रत्येक टॅबमध्ये प्रश्नपेटी होती. टोपणनावाने प्रश्न टाकला की तो थेट फळ्यावर उमटायचा, कुणी विचारला ते कळायचं नाही. पोरांनी हौसेने नावं घेतली होती. वाघ, भूत, झोपाळू. नावं घेतली आणि गप्प बसली.

सोळाव्या दिवशी फळ्यावर अक्षरं उमटली.

*मुंगी: १/२ ला १/४ ने भागलं की २ येतात. भागल्यावर वाढतं कसं?*

वर्ग हसला. मग हसू विरलं, कारण उत्तर कुणालाच येत नव्हतं.

“नियम आहे तो,” बाई म्हणाल्या. “दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं.”

*मुंगी: पण का?*

घंटा झाली म्हणून बाई वाचल्या. त्यांनी चौतीस टॅब मोजून कपाटात चार्जिंगला लावले. या कपाटाला पोरं ‘पिंजरा’ म्हणत. कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली. एकोणतीस वर्षं उलटं करून गुणलं होतं. का, ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला नाही.

घरी त्यांनी कात्री घेतली. नवऱ्याने आणलेली नवी कोरी नाडी मोजून कापली.

“अगं, मी पायजमा आता कशाने बांधू?” नवरा म्हणाला. “अपूर्णांकाने?”

“गप्प बसा हो. हे एक टोक धरा.”

जेवणं होईस्तोवर नाडीचे तुकडे झाले होते आणि बाईंना एकोणतीस वर्षांनी घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी अर्धा मीटर नाडी वर धरली. “यातून पाव मीटरचे तुकडे किती निघतील?”

“दोन,” तीन-चार जण म्हणाले.

“झालं. भागलं म्हणजे कमी केलं नाही, मोजलं. आता पूर्ण मीटरमध्ये असे तुकडे चार. म्हणून अर्ध्यात किती, तर चारचे अर्धे. म्हणून उलटं करून गुणायचं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मलाही हे कालच कळलं.”

बाईंनाही काल कळलं म्हटल्यावर वर्गाची भीड चेपली. वाघाने विचारलं, शून्याने का भागत नाहीत. भुताने विचारलं, उणे सफरचंद कसं दिसतं. काही उत्तरं बाईंना आली, काहींसाठी घरातल्या वाट्या, दोऱ्या आणि नवरा कामी आला. मुंगी अधूनमधून यायची. तिचा प्रश्न सगळ्यात साधा असायचा आणि सगळ्यात अवघड.

मुंगी कोण, ते बाईंनी ओळखलं होतं. मागून दुसऱ्या बाकावरची, एक वेणी कायम सुटलेली, वर्षभर तोंडातून शब्द न काढलेली मुलगी. एका गुरुवारी ती तापाने आली नाही, मुख्याध्यापिकाही मीटिंगला गेल्या होत्या, आणि त्या दिवशी मुंगीचा प्रश्न आला नाही. बाईंची खात्रीच पटली. त्यानंतर त्या प्रत्येक उत्तर त्या वेणीकडे बघून देऊ लागल्या. हळूहळू मुलगी मान वर करून ऐकू लागली.

सत्राच्या शेवटच्या तासाला त्या मुलीने हात वर केला. टॅब बाजूला ठेवला आणि उभं राहून विचारलं, “बाई, परत एकदा सांगाल?”

बाईंनी परत सांगितलं. दोनदा.

पोरं गेली. बाईंनी चौतीस टॅब मोजले, पिंजऱ्याला कुलूप घातलं. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका अजून खाली मान घालून टिपत होत्या.

“मॅडम, काय ठरलं?”

“वर्ग तुमचाच. रेकॉर्डवाल्याला एवढे प्रश्न झेपायचे नाहीत.”

बाईंनी श्वास सोडला. “माझं काही नाही हो त्यात. ती मुंगी. वेणीवाली. तिचे आभार मानायचे राहिले.”

“तिने आज सगळ्यांसमोर उभं राहून विचारलं, बाई. तिला मुंगी कशाला लागेल?”

“मग कोण?”

मुख्याध्यापिकांनी पुन्हा आपल्या टॅबवर मान घातली. बाईंनी किल्ली पर्समध्ये टाकली आणि फळा बंद करायला हात वर केला. त्यांच्या बोटांसमोरच अक्षरं उमटली.

*मुंगी: सहावीत असतानाच विचारायला हवं होतं, बाई.*