कमरेत दीड इंच

"आता याहून आत घेता येत नाही, बाई," लोकूमल म्हणाला. त्याने पॅन्ट उलटी करून मालिनीबाईंपुढे धरली. "ये देखो. मागचे दोन्ही खिसे एकमेकांना टेकायला आले. अजून घेतलं तर साहेबांना एकच खिसा उरेल."

एरवी मालिनीबाई खळखळून हसल्या असत्या. आज त्या बाकावर बसूनच राहिल्या. बदलापूरहून उल्हासनगरच्या कॅम्पात यायचं म्हणजे हल्ली त्यांना दम लागायचा. या माणसाच्या काळजीनं माझंही अंग धरेनासं झालंय, असं त्या म्हणायच्या.

"दीड इंच तरी घ्याच हो कमरेत. यांना कळता कामा नये."

हे म्हणजे विष्णुपंत, त्यांचे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. माणूस चांगला आडवातिडवा, आणि जन्मभर शिंप्यांनी त्यांचा छळ मांडलेला. कुणी पॅन्ट पोटाखाली बसवायचा, की ती दर चार पावलांना वर ओढत चला. कुणी अशी ढगळ शिवायचा की आत आणखी एक विष्णुपंत मावतील. कारखान्यातली पोरं मागून फिदीफिदी हसायची. विष्णुपंतही त्यांच्याबरोबर हसायचे आणि घरी येऊन मुकाट्यानं जेवायचे.

मग फाळणीनंतर सिंधमधून आलेला हा लोकूमल भेटला. बराकीतल्या एका खोलीत त्याचं मशीन. त्याने विष्णुपंतांना नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "साईं, पोट दाबू नका. उसको जगह दो."

त्याने कंबर बेंबीच्या वर चढवली. पुढे दोन खोल चुण्या घातल्या, पाय सरळ बुटापर्यंत सोडला, आणि पट्ट्याऐवजी खांद्यांवरून जाणारे गॅलिस लावले. कापड मालिनीबाईंनी निवडलं. गडद राखाडी, त्यात चौकडी नाही की रेघ नाही. ती पॅन्ट घालून विष्णुपंत आरशापुढे उभे राहिले, वळून मागून बघितलं, पुन्हा पुढून बघितलं. "अगं, मी तर साहेब दिसतोय की!" त्या दिवशी स्वारी चालत नव्हती, तरंगत होती.

आणि आता तीच पॅन्ट त्यांच्या अंगावर लोंबत होती.

उन्हाळ्यात दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले, तिथून हे सुरू झालं. मालिनीबाईंना जरा अशक्तपणा होता, विष्णुपंतांचं ब्लडप्रेशर बघायचं होतं. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. मग बाईंना बाहेर बसवून विष्णुपंतांना पुन्हा आत बोलावलं. ते बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक.

"काही नाही गं. तुला टॉनिक दिलंय, चल," एवढंच बोलले.

त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. भात चिवडायचे आणि पोट भरलं म्हणून उठायचे. मालिनीबाईंना राहवेना. त्या एकट्याच जाऊन डॉक्टरांना भेटल्या.

"यांना काय झालंय? खरं सांगा."

"त्यांना काहीही झालेलं नाही, वहिनी. घरी जा, विश्रांती घ्या," डॉक्टर म्हणाले, पण नजर खाली ठेवून म्हणाले.

बाईमाणसाला कोण खरं सांगतो? मालिनीबाईंच्या वडिलांच्या वेळीही खरं दडवलंच होतं. आजार सगळ्या घराला ठाऊक, फक्त वडिलांना नाही. ते बिचारे मजेत होते. मग एका लग्नासाठी त्यांनी जुना कोट चढवला, तर तो खांद्यांवरून घसरला. आरशात एकदा बघितलं, कोट काढला, अंथरूण धरलं. परत उठलेच नाहीत.

म्हणून मालिनीबाईंनी ठरवलं, यांना कपडा ढिला लागू द्यायचा नाही. धुवायला म्हणून पॅन्ट न्यायची, आत घेऊन आणायची, गुपचूप खुंटीला अडकवायची. विष्णुपंत ती घालून पोटावर थाप मारायचे. "बघ, जशीच्या तशी बसते!" मालिनीबाई तोंड फिरवून पदराने डोळे पुसायच्या. देवा, हा माणूस नको रे नेऊस, एवढंच त्या मागायच्या.

"नवीच शिवून घ्या आता," लोकूमल म्हणाला. "पण माप लागेल. साहेबांना आणा."

"आणते. दिवाळीची म्हणून आणते. पण आकडा मोठ्यानं बोलू नका. आणि अशी शिवा, की ते भरलेले दिसतील."

लोकूमलने पॅन्ट खाली ठेवली. "सारी उमर मोठ्या माणसाला बारीक दाखवलं, बाई. आता उलटं करायचं?"

"करा हो. फिकं कापड घ्या, जाड घ्या, चुण्या वाढवा, काय हवं ते करा."

रविवारी ती दोघं आली. मालिनीबाईंनी ताग्यांतून बदामी रंगाचं जाडजूड कापड काढलं. ते त्यांना एकटीला उचलवेना, तेव्हा विष्णुपंतांनी पटकन पुढे होऊन तागा धरला.

"तू म्हणशील ते," ते म्हणाले.

मापासाठी लोकूमल त्यांना पडद्याआड घेऊन गेला. बाहेर बाकावर मालिनीबाई कान देऊन बसल्या. आकडा काही ऐकू आला नाही. भला माणूस, शब्द पाळला, म्हणून त्यांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

आत लोकूमलच्या हातातली टेप थांबली होती. शर्टाखाली नुसत्या फासळ्या लागत होत्या. तो अगदी हळू म्हणाला, "साईं, डॉक्टरला दाखवलं का?"

"मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे. घास तेवढा घशाखाली उतरत नाही." विष्णुपंतांनी पडद्याच्या फटीतून बाकाकडे पाहिलं. "पण पॅन्ट दसऱ्याच्या आत दे, लोकूमल. तिला बोलू नकोस, तिला यातलं काही ठाऊक नाही. डॉक्टर म्हणतात, ती दिवाळी बघणार नाही."