पांघरुणाखालची पिशवी

जानरावने खाटेखाली लटकलेली लघवीची पिशवी उचलली, देवमनबाबांच्या पोटावर ठेवली आणि वरून नवंकोरं पांघरूण ओढलं. नळीही त्यानेच सरळ केली, नुकताच तंबाखूचा खर्रा घोटलेल्या हाताने.

"जानरावभाऊ, पिशवी खालीच पायजे," रत्नमाला म्हणाली. "वर ठेवली का लघवी उलटी पोटात जाते. दोन डाव ताप येऊन गेला बाबाले. डॉक्टर म्हणे, तिसऱ्या डावाले बुढा वाचत नाई."

"पाच मिनिटाचं काम हाय. फोटोत घाण दिसून राह्यली ना! जा, पाहुण्यायले पाणी आण."

जानराव या वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक, आणि ती इथली साधी आया. पाण्याचा ट्रे घेऊन ती परत आली तोवर पाहुण्यांनी खाटेला वेढा घातला होता. वाढदिवस आला की पुढाऱ्यांना म्हाताऱ्यांचा पुळका येतो. आज रिसोडच्या भगवंतरावांना आला होता.

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. नाकाला रुमाल लावून भगवंतराव सेवेवर बोलले. एकच सफरचंद बाबांच्या हातात तीनदा दिलं गेलं, कारण दोनदा फोटो हलला. प्रत्येकाने बाबांचा हात हातात घेतला आणि बाहेर पडताना सॅनिटायझरने आपले हात चोळचोळून पुसले. आत येताना मात्र एकालाही हात धुवायची आठवण झाली नव्हती. सात वर्षं रत्नमाला लोकांचं हगणंमुतणं काढत आली होती, तिला कधी काही वाटलं नाही. आज तिला त्या पुसलेल्या हातांची किळस आली.

पाहुणे जाताच तिने हात धुतले आणि पांघरूण भिरकावलं. पिशवी बाबांच्या छातीपर्यंत सरकली होती. नळीतली गढूळ लघवी जागच्या जागी थांबली होती. तिने पिशवी पुन्हा खालच्या आकड्याला अडकवली.

दिवेलागणीला बाबांना हुडहुडी भरली. तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. ओसरीवर जानराव खर्रा चघळत ग्रुपवर फोटो टाकत होता. त्याने मान वर केली नाही.

स्ट्रेचरसोबत रत्नमाला पिशवी हातात धरून, कमरेच्या खाली धरून, चालत होती. बाबांचे दात वाजत होते. त्यांनी तिचा पदर ओढला.

"माय, फोटोत पिशवी तं नाई ना दिसली?"

"नाई बाबा," ती म्हणाली. "लय साफ आला फोटो."