तिसरी रिंग

द्वारका चौकाजवळच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात सायली इंटरनेटवर चालणारे नवे फोन बसवत होती. शेवटी ती फाटकावरच्या केबिनमध्ये आली.

"काका, इंटरकॉमच्या जुन्या यादीतला चौदा नंबर कुणाचा?"

"कँटीनचा. आमची कारभारीण, कुसा, चहा करायची तिथं," वॉचमन गोरक्ष म्हणाला. "दोन रिंगा म्हंजे चहा झाला. तिसरी वाजली तर लगोलग यायचं."

तिसरी एकदाच वाजली होती, गेल्या श्रावणात. ड्रायव्हरांबरोबर पत्त्यांचा डाव संपवून तो गेला, तोवर कुसाबाई गार पडली होती.

सायलीने चौदा नंबर यादीतून काढून टाकला.

तेवढ्यात नवा फोन वाजला. पडद्यावर चौदा.

"काका, याला अजून वायर जोडली नाहीये!"

दोन रिंगा झाल्या. तिसरी वाजली, तेव्हा गोरक्ष अनवाणीच कुलूपबंद कँटीनकडे धावत सुटला होता.