धुतलेले खडे

तपासणीच्या काचेच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. टाकीतले मासे वर येऊन हवा गिळत होते.

"अमोनिया वाढलाय. आई, भाजीच्या वाफ्यातले खडे कुणी धुतले?" सुनेनं विचारलं.

"मीच. बुळबुळीत झाले होते. पाहुणे येणार म्हणून ब्रशनं घासले," मालिनीबाई म्हणाल्या.

"त्या बुळबुळीतच जिवाणू होते. टाकीचं पाणी वाफ्यातून फिरून परत जाताना माशांच्या घाणीचं खत तेच करायचे. निम्मं पाणी मी बदलते, पण असे जिवाणू मुरलेले खडे फक्त धाकट्या काकूंकडे आहेत. आणि ते दिले तर त्यांचेही मासे धोक्यात येतील."

मालिनीबाई रिकामं घमेलं घेऊन जावेच्या दारात गेल्या आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं.

"श्रावणातच दिवाळीची साफसफाई काढलीत, जाऊबाई? तीही माशांच्या घरी?" जाऊ हसली. मग तिनं आपल्या वाफ्यातले निम्मे खडे उपसून दिले.

"आणि तुझे मासे गं?"

"आठवडाभर अर्धपोटी ठेवते, म्हणजे घाणही कमी होईल. उपासाचा महिना आहे, घडू दे त्यांनाही."

मालिनीबाईंचे चार मासे मेले. बाकीचे तिसऱ्या दिवशी पुन्हा तळाशी पोहू लागले, नळीतलं पाणीही पिवळसर झालं. मालिनीबाई सांगायला धावल्या. पण जावेला हाक मारण्याआधी त्यांनी तिच्या टाकीत वाकून पाहिलं. पाण्यावर एकही तोंड नव्हतं. मग त्यांनी हाक मारली.