दोन वेगांची रॅम

"ही दुसरी रॅम कोणी लावली, काका?" कॅबिनेटचं झाकण बाजूला ठेवत हर्षदानं विचारलं.

"मीच. मुलानं सांगितलं, मी लावली."

चिंतामणी तिच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या स्टुलावर टेकले. बदलापूरहून, हेंद्रेपाड्यातून अंबरनाथपर्यंत एक रिक्षा, तिथून उल्हासनगर कॅम्प पाचला दुसरी. चादरीत गुंडाळलेला कॅबिनेट सगळा वेळ मांडीवर. पाय आखडले होते. अंबरनाथच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मेंटेनन्स सांभाळलेल्या माणसाला स्क्रू उघडायची भीती नव्हती. पण चार दिवस सगळं करून पाहिलं तरी कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडत होता.

हर्षदानं दोन्ही पट्ट्या काढून उजेडात धरल्या. "बघा. ही आधीची आठ जीबीची, जुनी. ही सोळाची, फास्ट. कंपनी वेगळी, स्पीड वेगळी. आणि कोणीतरी सेटिंगमध्ये दोघींना फास्टवालीची स्पीड देऊन ठेवलीय. जुनीला ती झेपत नाही. मग सगळंच कोसळतं."

"ते पण मीच केलं."

"एकसारखी जोडी टाकली तर बेस्ट. पण सध्या माल येतच नाहीये. पंधरा दिवस तरी थांबावं लागेल."

"पंधरा दिवस नाही जमणार. आज हवाय."

"एवढी घाई? मुलगा फार मागे लागलाय वाटतं."

"नाही. तो काही म्हणत नाही."

हर्षदानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. "मग एक करते. दोघींना जुनीच्या स्पीडला आणते. गेम थोडा हळू चालेल, पण बंद पडणार नाही बहुतेक. तासभर टेस्ट लावावी लागेल."

"लावा."

टेस्ट सुरू झाली. चिंतामणी स्क्रीनवरचे सरकणारे आकडे बघत राहिले. हर्षदानं चहा मागवला. तो त्यांनी हातात धरला आणि ते प्यायचं विसरले.

"पुढचा माईकचा पॉइंट सैल झालाय," ती म्हणाली. "करून देऊ का?"

"राहू दे. माईक लागत नाही."

"टीममध्ये खेळायचं म्हणजे बोलावं लागतंच की."

"टाइप करून भागतं."

"मुलालाच घेऊन यायचं होतं ना, काका. त्याच्यासमोर सेट केलं असतं."

"तो असता तर इथवर यावंच लागलं नसतं."

पुढे हर्षदानं मुलाचा विषय काढला नाही. टेस्ट एकही चूक न दाखवता संपली तेव्हा तिनं झाकण लावलं, धूळ पुसली आणि चादरीची गाठ स्वतः बांधून दिली. "आता सेटिंगला हात लावू नका," एवढंच म्हणाली.

चिंतामणी घरी पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. त्यांच्या पत्नी माई भाजी निवडत होत्या.

"झालं?"

"झालं म्हणायचं."

"किती दमलाय. जरा आडवे व्हा."

"होतो मग."

ते आतल्या खोलीत गेले, एकेक वायर जोडली आणि ते मुलाच्या, यज्ञेशच्या खुर्चीत बसले. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत, ऐन स्पर्धेच्या मॅचमध्ये त्यांनी प्लग उपटला होता. गेम खेळून पोट भरत नाही, असं ओरडले होते. आणखीही बरंच बोलले होते. यज्ञेशनं कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं होतं, आणि त्या संध्याकाळी घरही सोडलं. पुण्यात कुठल्याशा कंपनीत लागला. दिवाळीला माईंना फोन करायचा. चिंतामणींचा फोन त्यानं एकदाही उचलला नाही.

आठ महिन्यांपूर्वी चिंतामणींनी या कॉम्प्युटरवर स्वतःचं नवं खातं उघडलं होतं. नाव विकास, वय वीस, गाव नागपूर. यज्ञेशचं खेळातलं नाव त्यांना पाठ होतं. आधी ते खेळात नुसतेच मरायचे. मग यज्ञेश त्यांना शिकवू लागला. कुठे लपायचं, कधी पळायचं. 'तुझं मशीन फार स्लो आहे, भाई, रॅम टाक,' असंही त्यानंच लिहिलं होतं. रोज सहा वाजता दोघं भेटायचे. जेवलास का, हेसुद्धा विचारता यायचं, एका पोरानं दुसऱ्या पोराला विचारावं तसं.

चार दिवसांपूर्वी खेळता खेळता यज्ञेशनं लिहिलं, 'नोकरी गेली यार. खोली सोडावी लागेल. घरी कुठल्या तोंडानं जाऊ?' चिंतामणींचं बोट पहिल्या अक्षरावर पडलं आणि पडदा निळा झाला.

तेव्हापासून ते धड झोपले नव्हते.

कॉम्प्युटर सुरू झाला. गेम हळूहळू उघडला. यज्ञेशच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. चिंतामणींनी चष्मा नीट केला आणि ते दोन बोटांनी लिहू लागले.

'सॉरी भाई. मशीन बंद पडलं होतं. तुझं वाचलं.'

'मला वाटलं तूपण गेलास.'

'नाही. तू घरी जा.'

'बाप दारात उभा करणार नाही.'

चिंतामणींनी हात मांडीवर ठेवले. बाहेर माईंनी कुकर लावल्याचा आवाज आला. मग त्यांनी परत लिहायला घेतलं. एकेक अक्षर शोधत.

'करेल. त्याला त्याची चूक कळली असेल. कधीच कळली असेल. तो एक शब्दही बोलणार नाही बघ.'

उत्तर आलं नाही. खेळ सुरू व्हायची वेळ आली आणि गेली. हिरवा ठिपका तसाच होता. पाच मिनिटांनी पडद्यावर एक ओळ उमटली.

'नक्की ना, बाबा?'